टेपचं दुसरं टोक

ही गोष्ट माझ्या मामाची. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण मामा थापा मारणारा माणूस नाही. इमारतींची मापं घेणाऱ्याला थापा परवडतही नाहीत.

गुरुवार होता. भर दुपार.

जुनी मशीद. आत खांबांचं नुसतं रान. सगळ्या रांगा तंतोतंत सारख्या, साठ फुटांच्या. ते बघायला लांबून लोक यायचे. दुरुस्तीआधी नकाशा काढायचं काम मामाकडे आलं होतं. मदतीला त्याची मुलगी, आमची चिंगी. वय चोवीस, पण बापाला सुनवायला मागेपुढे बघायची नाही.

मशिदीत आरडाओरडा नको, म्हणून दोघांचं ठरलेलं. तिने पलीकडे टेपचं टोक खांबाला लावून धरायचं. मामाने माप लिहिलं की टेपला दोन हिसके. म्हणजे पुढच्या रांगेत चल.

मधल्या जाड खांबांमुळे ती दिसत नव्हती.

पहिली रांग... साठ फूट.

दुसरी... साठ.

तिसरी... अठ्ठावन्न.

"नीट धर गं," मामा पुटपुटला.

चौथी... पंचावन्न.

पाचवी... पन्नास.

म्हणजे टोक धरणारी खांब सोडून अलीकडे सरकत होती.

"बाबा."

हाक मागून आली.

मामाने वळून पाहिलं. दारात चिंगी उभी. दोन्ही हात रिकामे.

"मी कधीची बाहेर आलेय. चला ना."

मामाच्या हातातली टेप मात्र... अजून ताणलेलीच होती.

मामाने टेप टाकली, पोरीचा हात धरला आणि तो बाहेर धावत सुटला. पायऱ्या उतरून त्याने मागे पाहिलं.

मुठीत कोणाचाच हात नव्हता.

मग आतून चिंगी आली. टेप गुंडाळत. चिडलेली.

"टेप टाकून कुठे पळालात? मी आपली खांबाला चिकटून उभी."

"तू मघाशी बाहेर आली नव्हतीस?"

"छे. प्रत्येक रांगेत टोक खांबालाच होतं माझं."

मामा तिला घरी घेऊन आला. दुसरं काय करणार?

याला तीन वर्षं झाली. ती जेवते, हसते, बापाला सुनावते. पण मामाचा जीव थाऱ्यावर नाही. सरकत येत होती ती कोण? हात धरून बाहेर नेली ती कोण? यातली आपली पोर कुठली?

परवा त्याने मला बाजूला घेतलं. "तू तिला लहानपणापासून बघतोयस. ही आपलीच आहे ना रे?"

मी हो म्हणालो.

पण लगेच म्हणता आलं नाही.