रकाना सातवा

विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही बघा. पण मी सरकारी नोंदवहीवाला माणूस. एक आकडा खोडला तरी बाजूला सही करावी लागते. त्यामुळे खालचं एकही वाक्य मी वाढवलेलं नाही.

वेळ मंगळवार, दुपारी तीन. रात्र नाही, अंधार नाही. लख्ख ऊन. जागा, आमच्या वाहन सुरक्षा तपासणी केंद्राची चार नंबरची शेड.

शेडमध्ये एक ट्रक उभा होता. त्याच बनावटीच्या नऊ ट्रकांबद्दल एकच तक्रार आली होती. इंजिन चालू, गिअरची दांडी न्यूट्रलला, तरी गिअरबॉक्स आपणहून रिव्हर्समध्ये सरकतो.

आमच्या शेडमधल्या ट्रकने स्वतःच्याच ड्रायव्हरचा जीव घेतला होता. तो मागचं दार बघायला उतरला. गाडी मागे आली.

पोलिसांनी लिहिलं, 'चालकाची चूक. गाडी रिव्हर्समध्ये सोडली. चाकामागे ठोकळा लावला नाही.'

आता गंमत बघा. त्या ड्रायव्हरला सगळे ठोकळामामाच म्हणायचे! गाडी थांबली की आधी चाकामागे लाकडी ठोकळा, मग बाकीचं जग. सपाट मैदानातसुद्धा. दुसऱ्यांच्या गाड्यांनासुद्धा. फक्त त्या दिवशी गोदामवाल्यांनी मामांचा ठोकळा दार अडवायला नेला होता.

ठोकळामामांची मुलगी दर सोमवारी आमच्या बाहेरच्या बाकावर येऊन बसायची.

"काका, बाबांच्या नावापुढचं 'चूक' कधी खोडणार?"

"गाडी आपणहून फूटभर हलू दे. त्याच दिवशी खोडतो."

चाचणी साधी. इंजिन चालू, दांडी न्यूट्रलला, चाकं मोकळी, माणसं पिवळ्या रेषेबाहेर. वीस मिनिटं नुसतं बघत बसायचं.

पहिल्या मंगळवारी सतरा मिनिटं झाली. शेडमध्ये फक्त इंजिनची घरघर. आणि मग...

ठक.

लाकूड फरशीवर ठेवल्यासारखं.

वीस मिनिटं संपल्यावर जाऊन पाहिलं. डाव्या मागच्या चाकामागे ठोकळा. तेलकट, एक कोपरा जळलेला, लाल दोरी बांधलेली.

साहेब माझ्यावरच घसरले. "तुम्हाला काय, गाडी पळून जाईल असं वाटलं?"

"साहेब, मी तुमच्या शेजारीच उभा होतो."

"मग काय मी लावला? चाचणी रद्द!"

दुसऱ्या मंगळवारी तो ठोकळा मी कपाटात घातला. कुलूप लावलं. किल्ली खिशात. दर दोन मिनिटांनी खिसा चाचपत होतो.

सतरावं मिनिट...

ठक.

तोच ठोकळा. तीच लाल दोरी. कपाटाचं कुलूप जसंच्या तसं.

चाचणी रद्द.

तिसऱ्या मंगळवारीही तेच. साहेबांनी शोध लावला की मी हे झोपेत करतो. दुपारी तीनला, उभ्या उभ्या! वर त्यांनी बजावलं, पुढचा मंगळवार शेवटचा. नंतर 'दोष आढळला नाही' असा शिक्का, फाइल बंद. म्हणजे चूक ठोकळामामांचीच. आणि बाकीचे ट्रक रस्त्यावर मोकळे.

सोमवारी मी मुलीला सगळं सांगितलं.

"जळका कोपरा कुठला? दोरी आहे त्याच्याजवळचा?"

"हो."

"बाबांचाच आहे." ती हसली, पण डोळे भरले होते. "जन्मभर जगाच्या गाड्यांना ठोकळे लावले. आता स्वतःच्याच केसला लावतायत!"

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते हे असं.

मंगळवारी मी नियम मोडून तिला आत घेतलं. तिने ट्रकच्या दारावर हात ठेवला.

"बाबा, आज नका लावू. एवढं एकदाच ऐका."

सतरावं मिनिट गेलं...

आवाज नाही.

अठरावं... एकोणिसावं...

आणि ट्रक हलला. दांडी न्यूट्रललाच. केबिनमध्ये कोणी नाही. एक फूट. दोन फूट. चार!

मुलगी तोंडावर हात ठेवून रडायला लागली. मी भराभर आकडे लिहीत होतो. साहेबांना इतका आनंद झाला की पिवळी रेषा ओलांडून ते सरळ मागच्या भिंतीवरची मोजपट्टी वाचायला धावले.

ट्रक आणि भिंत यांच्या मधोमध.

"साहेब!"

आणि...

ठक.

ट्रक थांबला. साहेबांच्या पोटापासून वीतभर लांब. आमच्या मिस्त्रीने केबिनमध्ये उडी मारून इंजिन बंद केलं. चाकामागे जळक्या कोपऱ्याचा ठोकळा. साहेब मटकन खाली बसले. ठोकळ्याला हात लावायचीही त्यांची हिंमत होईना.

वाटलं, झालं, सुटलो. पण सरकारी कागद भुतापेक्षा चिवट. अहवालात सातवा रकाना आहे. 'चाचणीत ठोकळा लावला असल्यास, लावणाऱ्याचे नाव व सही.' तो रिकामा सोडला, तर चाचणी रद्द.

"साहेब, तुम्ही सही करा ना."

"मी लावलाच नाही, तर खोटी सही कशी करू?" म्हणजे जीव वाचला, नियम सुटला नाही.

मी खरं नाव लिहिलं. ठोकळामामांचं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

आठ दिवसांनी वरून फाइल परत आली. एकच शेरा: 'सदर व्यक्तीची सही जोडावी. मुदत सोमवार, सायंकाळी पाच.'

मी मुलीला बोलावून घेऊन तो शेरा वाचून दाखवला. संतापाने फाइल बाकावर आपटली. ती मात्र शांत.

"मग घ्या की सही, काका."

शुक्रवारी सुटायच्या वेळी मी फाइल आणि पेन ट्रकच्या पायरीवर ठेवलं. शेडला कुलूप लावलं. किल्ली एकच आहे, आणि ती माझ्याजवळ.

आज सोमवार. साडेचार वाजलेत. मुलगी बाकावर बसलीय.

"काका, झाली का सही?"

मी सकाळपासून तीनदा दारापर्यंत जाऊन आलोय. आताही किल्ली कुलपात घातलीय, फिरवायची तेवढी राहिलीय. आणि आतून...

ठक.

या वेळी आवाज लाकडाचा नाही. पेन खाली ठेवल्यासारखा.