दुसरा हादरा

यातलं काहीही मी रचलेलं नाही. नाशिकच्या एका दैनिकात मी रोज बातम्या लिहितो. ही मात्र मी दिलीच नाही.

गेल्या डिसेंबरातली अमावास्येची संध्याकाळ. पेठ तालुक्यातला एक पाडा.

त्या भागात अधूनमधून जमीन हादरते. माझा मित्र हर्षल भूकंपांचा अभ्यास करतो. त्याने पाड्यावरच्या केरू नावाच्या माणसाच्या अंगणातल्या खडकावर भूकंपमापक बसवला होता. तो काढून आणायला हर्षल निघाला, तेव्हा मीही गाडीत बसलो.

पावसाळ्यात हर्षलने पाड्यावरच्या मुलांना शिकवलं होतं. जमिनीतून आधी एक लहर येते. वेगवान, पण हलकी. मागून दुसरी येते, जमीन आडवी हलवत. भिंती पाडते ती ही दुसरी. म्हणून दाराशी तांब्यावर पेला उपडा ठेवा. तो किणकिणला की बाहेर पळा. दुसरा हादरा येऊन जाईपर्यंत आत जायचं नाही.

केरूच्या मुलीने, रोशनीने, हे पाठ केलं होतं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी पेला किणकिणला. रोशनी आईबापांना ओढत बाहेर घेऊन आली. तिघं थांबली. दुसरा हादरा आलाच नाही. उंदीर असंल, म्हणून केरू हसला. तो आणि त्याची बायको सविता आत गेले. चुलीवर भाकरी होती.

रोशनी अंगणातच राहिली. आईने हाक मारली, तर म्हणाली, "दुसरा नाय आला अजून."

सविता ताट वाढून बाहेर आली, तेव्हा पोर खाली पडली होती. साप चावला होता.

दवाखाना गाठायच्या आत ती गेली.

तेव्हापासून सविता घरात शिरली नव्हती. अंगणात बसून असायची. आम्ही पोचलो तेव्हा अंगात ताप होता. केरू हर्षलला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, तुमचं ऐकंल ती. हिला आत न्या. नायतर ही बी जाईल."

सविताने आमच्याकडे पाहिलंही नाही.

सूर्य डोंगराआड गेला. गुरं परतली. वारा पडला...

आणि रिकाम्या घरात पेला किणकिणला.

हर्षलने लॅपटॉप यंत्राला जोडला. पडद्यावर नुकतीच उमटलेली एक बारीक उसळी होती. मग सपाट रेघ. तो मागच्या नोंदी पाहत गेला. रोज संध्याकाळी तेच. पहिली लहर... आणि पुढे काही नाही.

"असं होत नाही," तो हळूच म्हणाला. "पहिलीच्या मागे दुसरी यावीच लागते."

तेव्हा सविता पहिल्यांदा बोलली.

"ती हितंच उभी हाय. दुसऱ्याची वाट बघती. मी बोलावलं, बापानं बोलावलं. येत नाय. सरांनी सांगितलंय म्हणती."

तिने हर्षलकडे पाहिलं.

"तुम्हीच सांगा तिला. झालं म्हणून."

आकडा खात्रीचा नसेल तर हर्षल मला बातमीसाठी एक वाक्यही देत नाही. तो उठला. रिकाम्या अंगणाकडे तोंड करून उभा राहिला.

"रोशनी, दुसरा हादरा येऊन गेला. आत जा, बाळा."



सविता उठली. तिचा उजवा हात खाली, अंगापासून जरा दूर होता. बोटं मिटलेली. दाराशी ती थबकली, थोडी बाजूला सरली. कुणाला तरी आधी आत जाऊ द्यावं तशी...

मग तीही आत गेली.

आम्ही मागोमाग गेलो. तांब्यावर पेला नव्हता.

तो चुलीपाशी होता. सुलटा. त्यातलं अर्धं पाणी प्यायलेलं.

तोवर आम्ही सगळे बाहेर होतो, आणि सविता आमच्यापुढे दोनच पावलं.

हर्षलने यंत्र तिथेच ठेवलं. केरूचा फोन येतो. सविता आता जेवते, झोपते. पेला वाजत नाही.

पण त्या घराच्या मागच्या भिंतीला तडा आहे. यंत्रावर छोटे धक्के उमटतच असतात. काही दिवस बाहेर झोपा, म्हणून हर्षलने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सविताने एकच उत्तर दिलं.

"आता नाय येणार ती बाहेर. सर, तुम्हीच तर सांगितलं, झालं म्हणून."

दुसरा हादरा अजून आलेला नाही.