तेरावी फाइल

मोहिनीचं पत्र श्रावणात आलं. गणपती बसले तरी हिरामणचं उत्तर गेलं नव्हतं.

त्याने लिहिलंच नव्हतं असं मात्र नाही. लिहिलं होतं, खोडलं होतं, पुन्हा लिहून पुस्तकात ठेवलं होतं आणि मग ते पुस्तकच कपाटाच्या मागच्या रांगेत सरकवून दिलं होतं. वाचनालयात काम करणाऱ्या माणसाला एखादी गोष्ट कुठे ठेवली तर सहसा कुणाला दिसणार नाही, हे बरोबर ठाऊक असतं.

पत्र निळ्या अंतर्देशीयावर होतं. त्यात होत्या फक्त दोन गोष्टी. पहिली, ‘माझ्या तक्त्यात लालडब्याचा रकाना अजून रिकामा आहे.’ दुसरी, ‘पुण्याची नोकरी कायम होतेय. नाशिकचं ऑफिसही परत बोलावतंय. महिनाअखेर दोघांना उत्तर द्यायचंय. नाशिकला येण्यासारखं कारण माझ्याकडे एकच आहे, पण ते कारण तोंडच उघडत नाही. तुमचं स्कॅन पूर्ण झालं की कळवा.’

हे लालडबा आणि स्कॅन काय प्रकरण होतं, ते सांगायचं तर नाशिकच्या द्वारका चौकातल्या त्या दुकानापासून सुरुवात करावी लागेल.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात, हिरामणचा कॉम्प्युटर आजारी पडला. चालू केला की कण्हायचा, मध्येच आपोआप बंद पडायचा, उघडलेली फाइल गिळून टाकायचा. हिरामण मूळचा पेठकडचा, डोंगरातला. आई ज्या बोलीत बोलते तिचे शब्द गोळा करायचा त्याला छंद होता. शिकलेल्या पोरांच्या तोंडून ते शब्द निसटत चालले होते. ते सगळे या कॉम्प्युटरमध्ये होते. त्याने सीपीयू जुन्या चादरीत गुंडाळला, तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेतला आणि रिक्षाने द्वारकेला, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मनोजच्या दुकानात आला.

दुकानात एक मुलगी काउंटरवर कोपर टेकून मनोजशी वाद घालत होती.

“नवा कोरा नकोय मला! घरातला हवाय, वापरलेला. शक्य तितका आजारी.”

“ताई, लोक इथं आजारी आणतात, आजारी मागत नाहीत.”

“मी मागतेय ना.”

मनोजने मान वळवली. दारात चादरीचं गाठोडं घेऊन हिरामण उभा. मनोज हसला. “घ्या. पेशंट आपल्या पायांनी चालत आला.”

मुलीने वळून पाहिलं. आधी गाठोड्याकडे, मग हिरामणकडे... आणि हिरामणला उगाच वाटलं की चादर नीट धुतलेली असती तर बरं झालं असतं.

ती मोहिनी. नांदगावची. नाशिकच्या एका दैनिकात कॉम्प्युटरचं साप्ताहिक पान सांभाळायची. बाजारातल्या अँटिव्हायरसपैकी घरच्या साध्या कॉम्प्युटरवर कोणता वेगात तपासतो आणि कोणता कसून तपासतो, हे तिला पडताळून लिहायचं होतं.

“कंपन्या आपल्या चकाचक मशिनवर तपासतात,” ती म्हणाली. “आपल्या लोकांकडे असं असतं.” तिने बोट चादरीकडे केलं. “माफ करा हं.”

“नाही... बरोबर आहे,” हिरामण म्हणाला. “हे असंच आहे, मॅडम.”

“मॅडम म्हणालात तर तुमचा कॉम्प्युटर घेणार नाही.”

“मग... काय म्हणू?”

“त्याचा विचार करून ठेवा. मी रविवारी येते.”

मनोजने खऱ्या व्हायरसांची खोगीरभरती उपटून काढली, हिरामणचे शब्द बचावले, आणि रविवारी मोहिनी पिशवीत सीड्या घेऊन हिरामणच्या खोलीवर हजर झाली. खोलीच्या दारात घरमालकीण लंकाबाई शेंगा सोलायला बसल्या. एरवी त्या मागच्या अंगणात सोलायच्या. त्या दिवसापासून दर रविवारी शेंगा, लसूण, वाल, जे असेल ते दारातच सोललं जाऊ लागलं.

मोहिनीची पद्धत पक्की होती. सगळ्या अँटिव्हायरसांना व्हायरस म्हणून ओळखता येते अशी एक निरुपद्रवी नमुना फाइल तिने आणली होती. तिच्या भाषेत ‘लुटुपुटूचा व्हायरस’. त्याच्या बारा प्रती कॉम्प्युटरमध्ये लपवायच्या आणि कोणता अँटिव्हायरस किती शोधतो ते पाहायचं.

“पण लपवायच्या तुम्ही,” ती म्हणाली. “मला जागा कळल्या तर तपासणी कसली? लपवता येतं ना तुम्हाला?”

“तेवढंच येतं,” हिरामण बोलून गेला आणि त्याचे कान तापले.

ती पाठ करून खिडकीशी उभी राहिली. तो लपवू लागला. काही प्रती साध्या फोल्डरात, काही गाण्यांच्या गर्दीत, एक तर झिप केलेल्या गाठोड्यातल्या गाठोड्यात. शेवटची ठेवून तो उठला. पुन्हा बसला. ठेवली का नक्की? पुन्हा उठला.

“झालं?”

“हो. म्हणजे... झालं असावं.”

पहिल्या अँटिव्हायरसने वीस मिनिटांत काम उरकलं आणि नऊ शोधल्या. मोहिनीने त्याचं नाव ठेवलं ‘विनाथांबा’. “मोठ्या स्टँडवर थांबतो, वाड्यावस्त्यांकडे ढुंकूनही बघत नाही.” दुसऱ्याचं नाव आपोआप ‘लालडबा’ पडलं. हात केला तिथे थांबणारा, प्रत्येक पाड्यावर उतरून कोण आहे ते बघणारा.

लालडबा सुरू झाला आणि हिरामण खुर्चीतून पुढे सरकला. पडद्यावर एकेका फाइलचं नाव उमटायचं, विझायचं, दुसरं उमटायचं. जूनच्या तोंडाशी पेठच्या घाटात एखादं झाड काजव्यांनी भरून जातं आणि सगळं झाड एकदम श्वास घेतल्यासारखं उजळतं, तसं काहीसं. हजारो नावं. आपण कधी ठेवली नाहीत अशी, कधीकाळी ठेवून विसरलो अशी.

“या एवढ्याशा खोक्यात एवढं राहतं?” तो पुटपुटला.

“आणि हा प्रत्येकाचं दार वाजवतोय,” मोहिनीही हळूच म्हणाली. तिचा आवाज देवळात आल्यासारखा झाला होता. मग ती एकदम वाकली. “थांबा, हे काय होतं? ‘पावसाचे शब्द’?”

“ते... आईचे. आमच्याकडे पावसाला पुष्कळ शब्द आहेत. दगडावर पडणारा वेगळा, भातावर पडणारा वेगळा.”

ती पडद्याकडे पाहायची थांबली. त्याच्याकडे पाहत राहिली. “आणि हे तुम्ही कुणाला सांगत नाही?”

“कुणी विचारलं नाही.”

“मी विचारतेय.”

तो सांगू लागला. सांगता सांगता अडखळला, पुन्हा सांगू लागला... आणि लाइट गेली. भारनियमन. यूपीएसने पीं-पीं करत जीव ओढला आणि सोडला. निम्म्या वाटेवर लालडबा बंद.

“अरे देवा,” मोहिनी म्हणाली. “आता?”

“पुन्हा पहिल्यापासून.”

“तुम्ही हसताय का?”

“नाही,” हिरामण हसत म्हणाला.

लालडब्याला पूर्ण फेरीला जितका वेळ लागायचा, तितका वेळ सलग लाइट नाशिकच्या त्या भागात रविवारी कधीच राहायची नाही. रात्री लावून ठेवावा, तर लंकाबाई निजायच्या आधी स्वतः येऊन पिन उपसून जायच्या. “मशीन जागं आणि माणूस झोपलेलं, असं माझ्या घरात चालायचं नाय. पेटलं म्हंजे?” त्यामुळे दर रविवारी लालडबा निघायचा, दर रविवारी वाटेत अडकायचा. मोहिनीच्या तक्त्यात बाकीचे रकाने भरले. हा एकच रिकामा राहिला.

लाइट गेली की ती दोघं खिडकीशी बसायची. शेंगदाणे, चहा, ती नांदगावच्या बाजाराच्या गमती सांगायची, तो शब्द सांगायचा. ‘मॅडम’चं ‘तुम्ही’ झालं, ‘तुम्ही’चं एकदा चुकून ‘मोहिनी’ झालं, आणि ती चूक दोघांनीही दुरुस्त केली नाही.

“काय ओ,” लंकाबाई दारातून म्हणायच्या, “कितीक रविवार तपासणार? आमच्या दवाखान्यात दोन मिनिटांत सुई टोचून मोकळं करत्यात.”

“मावशी, हा आजार जुना आहे,” मोहिनी म्हणायची.

“ते दिसतंय मला. मशीनचा न्हाई, पण.”

मग आषाढ सरता सरता तिला पुण्याची नोकरी लागली. शेवटच्या रविवारी लालडबा नेहमीपेक्षा लांब गेला, जवळजवळ पोहोचलाच, आणि लाइट गेली. खोलीत एकदम शांतता. बाहेर बारीक पाऊस. भातावर पडणारा तो नव्हे, नुसता पत्र्यावरचा.

“मी बुधवारी चाललेय,” मोहिनी म्हणाली.

“हो.”

“हिरामण, एक विचारू? मी जावं... असं वाटतं तुम्हाला?”

आता या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं आणि ते त्याच्या जिभेवर होतं. पण हिरामणचं मन म्हणजे लालडबाच. ते प्रत्येक पाड्यावर थांबलं. ही एवढी बोलकी, आपण असे. तिच्या घरी काय म्हणतील? ती दयेने तर विचारत नसेल? आणि उद्या तिला पस्तावा झाला तर?

“मला... जरा नीट तपासून बघू द्या,” तो म्हणाला.

दारात लंकाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

मोहिनी हसली. पण डोळे हसले नाहीत. “बघा,” ती म्हणाली. “सावकाश बघा.” तिने सीड्या पिशवीत भरल्या. लालडब्याची मात्र टेबलावरच ठेवली.

नंतर ते पत्र आलं, आणि त्याचं काय झालं ते आपण पाहिलंच.

गणपतीतल्या रविवारी, महिना संपत आलेला असताना, लंकाबाई हातात आरतीचं ताट घेऊन दारात डोकावल्या. “मंडळांसाठी आज दिवसभर लाइट जाणार न्हाई म्हणत्यात.” आणि जाता जाता म्हणाल्या, “तुमची ती गाडी सोडायची असंल तर सोडा.”

हिरामणने सीडी घातली.

नावं उमटू लागली. पहिल्यांदाच तो एकटा पाहत होता. ओळखीची ठिकाणं गेली. मोहिनीबरोबर पाहिलेलं ‘पावसाचे शब्द’ आलं आणि गेलं. नेहमी अडकायची ती जागाही मागे पडली. पुढे सगळा अनोळखी मुलूख होता, आणि तिथेही गाडी तितक्याच निष्ठेने थांबत होती. कुणी बघत नसताना, कुणी शाबासकी देणार नसताना, एक आंधळं यंत्र प्रत्येक दाराशी जाऊन ‘आत कोण आहे?’ असं विचारत होतं. हिरामणला भरून आलं. माणसाला असं कुणी एकदा तपासलं तर! आणि मग त्याला आठवलं... तपासलं होतं की कुणीतरी. खिडकीशी बसून, शेंगदाणे खात, एकेक शब्द विचारून.

दूर कुठेतरी आरती संपली. गाडी पोहोचली. पडद्यावर आकडा आला. तेरा.

तेरा?

बाराच ठेवल्या होत्या. यंत्र चुकलं? की खरा व्हायरस शिरला? तो एकेक जागा बघू लागला. बारावी झिपच्या गाठोड्यात होती, जिथे असायला हवी तिथेच. तेरावी तिच्या शेजारच्या गाठोड्यात. तीच फाइल, अगदी तशीच. आणि त्याला तो क्षण लख्ख आठवला. मोहिनी पाठ करून उभी होती, शेवटची ठेवली का नाही याची खात्री वाटेना, आणि घाईघाईत त्याने ती पुन्हा लपवली होती. पहिली होतीच. शंका घेऊन घेऊन त्याने एकच गोष्ट दोनदा लपवली होती.

तो पडद्याकडे पाहत बसला. मग एकटाच मोठ्याने हसला. या खोलीत त्याचं एवढं मोठं हसू लंकाबाईंनी ऐकलं असतं, तर पिन उपसायला धावल्या असत्या.

त्याने कागद घेतला. खोडलं नाही.

‘मोहिनी,

लालडबा पोहोचला. तक्त्यात लिहा, सगळ्या सापडल्या, एकही सुटली नाही. त्याने तेरा दाखवल्या. बारा आपल्या ठरलेल्या. तेरावी माझी चूक, बारावी ठेवली याची खात्री नव्हती म्हणून पुन्हा ठेवलेली.

तुम्ही विचारलं होतं, जावं असं वाटतं का. नाही वाटत. त्या दिवशीही वाटत नव्हतं. तेच उत्तर मी एकदा तोंडावर लपवलं आणि एकदा पत्रात लपवलं. मला तुम्ही फार आवडता. यात आणखी तपासण्यासारखं काही नाही.

या.

हिरामण’

दारात आरतीहून परतलेल्या लंकाबाई भेटल्या. त्यांनी पाकीट पाहिलं, मग त्याचा चेहरा पाहिला आणि मोदक त्याच्या हातावर ठेवला.

“पुण्याला का?”

“हो, मावशी.”

“पत्ता नीट घातलाय न्हवं? बघा बरं एकदा.”

हिरामणचा हात पाकिटाकडे गेला. अर्ध्यावरून त्याने तो मागे घेतला.

“नको, मावशी. बघायला बसलो तर राहून जाईल.”

कोपऱ्यावरची लाल पेटी पावसाने न्हालेली होती. त्याने पत्र आत सोडलं. आत कुठेतरी हलकासा आवाज झाला, कागद कागदावर पडल्याचा. एरवी त्याने फटीत बोटं घालून चाचपलं असतं, झाकण हलवून पाहिलं असतं, चार पावलं जाऊन परत आला असता.

त्याने मोदक तोंडात टाकला आणि मागे न पाहता घराकडे निघाला.