खसचा वास आणि सतरा फ्लॉप्या

पहिल्यांदा मला त्याचे फक्त पाय दिसले. टेबलाखालून बाहेर आलेले, निळ्या मोज्यांतले. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता.

"वायरमनभाऊ," मी म्हटलं, "पंखा वरती राहते. टेबलाखाली काय शोधून राहिले?"

"मी वायरमन नाही," टेबलाखालून आवाज आला. "मुंबईहून आलोय. कंपनीचा इंजिनिअर."

"मंग मोजे तरी मुंबईचे घालाचे न."

ठक्‌! डोकं आपटलं वाटतं. मग तो रांगत बाहेर आला. चष्मा वाकडा, केसांत कोळ्याचं जाळं... आणि चक्क हसला. चिडला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. चिडलेल्या साहेबाशी कसं वागायचं ते मला पाठ होतं. हसणाऱ्याशी कसं वागायचं, ते मात्र मला कोणी शिकवलं नव्हतं.

"गिरिधर सोवनी," तो म्हणाला. "साताऱ्याचा. आणि तुम्ही?"

"प्रेमिला."

"पुढे?"

"पुढं टायपिस्ट," मी म्हटलं नि फाइल घेऊन निघाले.

अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना. लकडगंजात आमचं ऑफिस — संत्रा बागायतदारांचा सहकारी संघ. चारी बाजूंनी लाकूड कापणाऱ्या आरा मशिनींची घरघर, खिडकीत बसलं की टाइपरायटरवर सागाचा भुसा. संघानं कॉम्प्युटर घेतला होता. आख्ख्या ऑफिसात कॉम्प्युटर शिकलेली एकटी मी. सीताबर्डीच्या क्लासात सहा महिने, स्वतःच्या पगारातून. पण मशीनची पूजा झाली त्या दिवशी मॅनेजर महादेवराव मला म्हणाले, "प्रेमिला, तू जरा टपालाचं पाहून घे." त्या दिवशी टपाल कुठून येणार? रविवार होता.

मी गजभिये. छप्पन्न साली दीक्षा घेतलेल्या घरातली. हे आत्ताच सांगून टाकते, कारण माझ्या बाबतीत हे नेहमी मधेच निघतं. कोणाशी तासभर छान बोलावं, हसावं, मग तो आडनाव विचारतो. की झालं. माणूस बंद पडतो आणि पहिल्यापासून सुरू होतो. फक्त आता आवाज बदललेला असतो — "वा, तुम्ही तर फार हुशार आहात हो!" त्या आवाजाचा मला संताप येतो. म्हणून मी आडनाव सांगायचंच सोडलं होतं.

गंमत बघा, त्या मशीनचा रोगही तोच होता.

ऑपरेटिंग सिस्टिम सतरा फ्लॉप्यांवर आलेली. पहिली घाला, बटण दाबा, खरखर. दुसरी घाला, खरखर. असं करत कधी चौथीला, कधी नववीला, एकदा तर पंधरावीला पडदा काळा व्हायचा. 'टिट्‌' असा आवाज यायचा. आणि मशीन निर्लज्जासारखं पुन्हा पहिल्यापासून आकडे मोजत बसायचं.

तीस तारखेला संचालकांची सभा होती. तोवर मशीन चाललं तर ऑपरेटरची खुर्ची मला. नाही चाललं तर मशीन परत मुंबईला आणि मी जन्मभर टाइपरायटरवर. महादेवरावांच्या मनात वेगळंच होतं: मशीन चालावं, पण खुर्ची दुसऱ्याला मिळावी. त्यांचा एक भाचा जूनमध्ये रिकामा होणार होता. ऑफिसात कुजबुजही सुरू झालेली. पूजेनंतर मशीनला पहिला हात मी लावला म्हणे, म्हणून ते बिघडलं.

गिरिधर दोन दिवसांसाठी आला होता. अकरा दिवस राहिला.

आधी त्यानं फ्लॉप्यांना दोष दिला. मुंबईला तार केली, नव्या सतरा आल्या. तेच! मग मशीन उघडून आतल्या पट्ट्या खोडरबरानं पुसल्या. तेच! मग म्हणाला, "ऊन. चव्वेचाळीस डिग्रीत कुठलं मशीन चालणार?" आणि रामाजींना बोलावून सांगितलं, "कुलरला पाणी जास्त मारा. खोली थंड राहिली पाहिजे."

रामाजी आमचे शिपाई, पन्नाशीचे. व्हरांड्यात कुलरच्या टाकीजवळ स्टुलावर बसायचे. उन्हाळ्यात पाणी कमी, म्हणून पंप सारखा चालवायचा नाही. कुलरच्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या सुकल्या की पाच मिनिटं लावायचा, बंद करायचा. हा कुलर मशीनसाठी आला होता. आम्ही माणसं चार वर्षं मागत होतो, तेव्हा नव्हता आला.

माझं टेबल मशीनच्या खोलीच्या दाराशी सरकवलं होतं. तो आत फ्लॉप्या बदलायचा, मी बाहेर पत्रं बडवायची. मधे उघडं दार.

"सहावी गेली," तो आतून सांगायचा.

"अभिनंदन."

"सातवी."

"पेढे वाटू का?"

'टिट्‌.'

मग खुर्ची करकरली. मग त्याचा हळू आवाज, "हसू नका."

"मी कुठं हसून राहिली?"

"तुमचं टायपिंग हसतंय."

खरंच हसत होतं. माझी बोटं त्या आठवड्यात फार वेगानं चालत होती, आणि चुका... चुका तर विचारूच नका. 'आदरणीय अध्यक्ष'च्या जागी मी दोनदा भलतंच काही टाइप केलं.

चौथ्या दिवशी दुपारी तो माझ्या डब्याजवळ येऊन उभा राहिला. खानावळीच्या वरणाला कंटाळला होता. "काय आणलंय?" म्हणाला, आणि उत्तराची वाट न पाहता ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडून ठेच्यात बुडवून तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी, कान लाल.

"पाणी —"

"घ्या न. मुंबईची माणसं नाजूकच राहतात."

"साताऱ्याची!" तो पाणी पिऊन म्हणाला, आणि दुसरा तुकडा मोडला. मुद्दाम.

मी खाली बघितलं. त्या ऑफिसात साडेचार वर्षं होते मी. माझ्या डब्यात कोणी हात घातला नव्हता. मी डबा पुढे केला की सगळ्यांचं पोट भरलेलं असायचं. हा वेडा तिखटानं रडत रडत माझी भाकर संपवत होता... आणि मला वाटत होतं, याला माहीत नाही. माहीत झालं की हाही बंद पडणार. टिट्‌.

दुसऱ्या दिवसापासून मी एक भाकर जास्त आणू लागले. आईनं विचारलं, "काहून वं, एकदम भूक वाढली?" मी म्हटलं, "काम वाढलं."

अठ्ठावीस तारखेला सकाळी त्यानं शेवटचं म्हणून सुरू केलं. उद्या त्याला जायचं होतं. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. मी पत्रं बाजूला ठेवून त्याच्या शेजारी जाऊन बसले. प्रत्येक फ्लॉपी मी पाकिटातून काढून द्यायची, त्यानं घालायची. बोटांना बोटं लागत होती. दोघंही लागली नाहीत असं दाखवत होतो.

"आठवी."

"ही घ्या नववी."

खरखर... बाहेर आरा मशीन थांबलेलं. आणि खिडकीतून एकदम गार झुळूक आली — ओल्या खसचा वास! कोरड्या मातीवर कोणी तांब्या उपडा केल्यासारखा.

माझा हात तसाच राहिला.

"आता बंद पडन," मी म्हटलं.

"काय?"

पडदा काळा. टिट्‌.

तो मशीनकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत राहिला. "तुम्हाला कसं कळलं?"

"वास आला."

"कसला? जळल्याचा?"

"खसचा. ओल्या खसचा. अजी, मी अकरा दिवस दारात बसून राहिली. वास आला की मशीन मरते. रामाजीभाऊ परवा बँकेत गेले होते, ते वापस येईपर्यंत मशीन पंधरावीपर्यंत चाललं होतं, आठवते का?"

तो उठलाच. "रामाजी! पंप बंद करा." मशीन सुरू झालं. "आता लावा." पंप घरघरला. टिट्‌.

आम्ही दोघांनी कपाट ओढलं. कपाटामागे भिंतीला भोक, आणि भोकातून एक पिवळी वायर. मशीनसाठी खास आणलेल्या स्टॅबिलायझरवरून निघून सरळ व्हरांड्यातल्या कुलरला गेलेली. जुना पंप सुरू होताना दचकल्यासारखा करंट ओढायचा, आणि मशीनचा श्वास तेवढ्यात तुटायचा.

"हे कोणी जोडलं?" गिरिधर ओरडला.

रामाजी डोकं खाजवत म्हणाले, "महादेवरावांनीच जोडाले लावलं न साहेब. म्हणे, कुलर मशीनचा हाय, तं त्यालेही चांगला करंट भेटला पाहिजे. कपाट मंग ठेवलं."

गिरिधर मटकन खाली बसला. "आणि मी अकरा दिवस सांगत होतो, पाणी जास्त मारा..."

मला इतकं हसू आलं की भिंतीला टेकावं लागलं. तोही हसायला लागला. हसता हसता त्यानं माझं मनगट धरलं, आणि सोडायचं विसरला.

कुलर बंद. अंगाची लाही होत होती. मी ओढणी भिजवून खिडकीला बांधली. पहिली, दुसरी, तिसरी... त्याच्या हनुवटीवरून घाम टपकत होता, मी पुठ्ठ्यानं वारा घालत होते. मशीनला. थोडा त्यालाही. अकरावी. चौदावी. सोळावी. सतरावीला दोघांनीही श्वास रोखला.

आणि पडद्यावर ओळ आली — मुख्य पासवर्ड द्या.

गिरिधर खुर्चीवरून उठला. "बस."

"मी?"

"हा ज्याच्याकडे, मशीन त्याच्याकडे. मला नको सांगू." पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. मग पाठ फिरवून खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मी टाइप केलं. दोनदा. एकही चूक केली नाही.

महादेवराव आले तेव्हा मशीन चालू होतं. "वा सोवनीसाहेब! शोधलंत शेवटी."

"मी नाही. यांनी शोधलं. मी फ्लॉप्यांना शिव्या घालत होतो."

"हो का? हुशार आहे पोरगी." तोच आवाज! "बरं, पासवर्ड का काय असते ते माझ्याजवळ लिहून द्या. भाचा आला की —"

"पासवर्ड माझ्याजवळ आहे साहेब," मी म्हटलं. "आणि तो लिहून देत नसतात. ऑपरेटरची ऑर्डर निघाली की काम सुरू करते. सभा परवा आहे."

महादेवराव गिरिधरकडे बघायला लागले. गिरिधर कपाटामागच्या पिवळ्या वायरकडे बघायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्डर माझ्या टेबलावर होती.

त्या दिवशी पाच वाजता तो बॅग घेऊन फाटकाशी उभा. सातची गाडी. मी लुना काढत होते.

"प्रेमिला... मला तू आवडतेस."

मी लुनाचं हँडल घट्ट धरलं. "माझं पुढचं नाव —"

"गजभिये. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. हजेरीचं मस्टर तुझ्याच टेबलावर असतं."

म्हणजे ती भाकर... त्याला माहीत होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "मला जातीनं काही फरक पडत नाही," आणि मी भडकले.

"तुमाले कसा फरक पडन? कधी पडाचं काम पडलं का तुमाले? हे मले काहून सांगता? तुमच्या आईले सांगा."

"सांगेन. घरी पोचलो की —"

"घरी नाही. घरी आई राहते, मामा राहते, देवघर राहते. तिथं तुमी पहिल्यापासून सुरू व्हाल. आत्ता सांगा. इथून."

त्यानं घड्याळ पाहिलं. मग बॅग मांडीवर घेऊन माझ्या लुनावर मागे बसला. आख्खं लकडगंज बघत होतं. बघू दे!

सीताबर्डीत व्हरायटी चौकाजवळ एसटीडीचं काचेचं खोकं. दार नीट लागत नव्हतं, मी बाहेर उभी राहून सगळं ऐकत होते. त्याचे वडील टेलिफोन खात्यात होते, म्हणून घरी फोन होता.

"आई, मी. हो, जेवलो... आई, एक मुलगी आहे. प्रेमिला... गजभिये." त्यानं काचेतून माझ्याकडे पाहिलं. "हो. हो आई, तेच."

त्यानं रिसीव्हर कानापासून काढला. "ठेवला," तो मला काचेतून म्हणाला.

मी मान हलवली. झालं! लुनाकडे वळणार, तेवढ्यात त्यानं पुन्हा नंबर फिरवला.

"आई, ऐकून तर घे —" ठेवला.

तिसऱ्यांदा. शर्ट पाठीला चिकटलेला. मागे रांगेतला एक जण म्हणाला, "अरे भाई, लाइन नहीं लग रही तो छोड़ो ना."

"लग रही है," गिरिधर शांतपणे म्हणाला. "उठाके रख देते हैं."

चौथ्यांदा. "आई, तू ठेव. मी लावत राहीन. गाडी चुकली तरी लावत राहीन." मग त्यानं रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. ऐकत राहिला. मग त्यानं दार ढकललं आणि रिसीव्हर माझ्याकडे धरला.

"तुझ्याशी बोलायचं म्हणतेय."

"काय बोलाचं आहे त्याहीले?"

"माहीत नाही."

मी आत शिरले. एका माणसाची जागा, दोघं उभे. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला. रिसीव्हर त्याच्या घामानं ओला होता.

"नमस्कार. मी प्रेमिला गजभिये."

पलीकडून कोणी बोललं नाही. नुसता श्वास. म्हातारा, रडून दमलेला. मी वाट पाहिली, आता खट्‌ होईल, आता होईल...

झालं नाही.

"आई," मी म्हटलं, "घाई नाही. तुमी बोला तवर मी इथंच आहे."