पुलावरच्या सायकली पदपथावर का चढतात?

“पदपथावर सायकल! थांबा!”

गणूने आपला लांब हात आडवा केला. सायकलवरची बाई कशीबशी थांबली. मागच्या छोट्या खुर्चीत तिचं बाळ पेंगत होतं.

गणू हा विहारपूरच्या पुलावरचा यंत्रमानव. एरवी तो फक्त सायकली मोजायचा. आजपासून त्याने त्या अडवायच्याही होत्या आणि याला कारण होती अकरा वर्षांची शाल्मली. पदपथावर एका सायकलचा धक्का लागून तिच्या आजोबांचं मनगट मोडलं होतं. तिने नगरसभेत उभं राहून तावातावाने तक्रार केली होती. आज ती सुनेत्राआत्यासोबत मुद्दाम बघायला आली होती. आत्या वाहतूकशास्त्रज्ञ (रस्त्यांवरच्या ये-जाचा अभ्यास करणारी) होती.

“बरं झालं अडवलंस, गणू!” शाल्मली म्हणाली.

 बाईने सायकल रस्त्यावर उतरवली.

तेवढ्यात मागून विजेची बस आली. तिचा आवाजच नव्हता. ती इतक्या जवळून गेली, की वाऱ्याच्या झोताने सायकल डगमगली आणि बाई बाळासकट आडवी झाली. बाळाने टाहो फोडला. मागून दुसरी बस येत होती!

“गणू, बस थांबव!” शाल्मली किंचाळली.

“मला फक्त सायकली अडवायची आज्ञा आहे.”

“माणसाचा जीव वाचवणं ही सगळ्यात मोठी आज्ञा!” आत्या ओरडली.

गणूने रस्त्यात उडी घेतली. त्याच्या छातीवरचा लाल दिवा भगभगला. करकचून ब्रेक लागले. बस त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

बाळाला खरचटलंसुद्धा नव्हतं. बाईचा गुडघा मात्र फुटला होता. शाल्मलीने तिला पाणी दिलं.

“आत्या, हे मी केलं,” ती रडवेली होऊन म्हणाली. “मला वाटलं, पदपथावरून जाणारे सगळे बेशिस्त असतात.”

“गणूला विचार. पण ‘किती’ नको, ‘कुठे’ विचार.”

गणूचे मोजणी-डोळे (सायकली ओळखणारे छोटे कॅमेरे) रस्ताभर बसवलेले होते. शाल्मलीने ‘कुठे?’ विचारताच तो म्हणाला, “बागेजवळ रस्ता रुंद आहे. तिथे शंभरातले चार सायकलस्वार पदपथावर असतात. पुलावर रस्ता अरुंद. तिथे एकसष्ट.”

“पण माणसं वेगळी असतील ना?”

“तीच. पुलाआधी चढतात, पूल संपला की उतरतात.”

शाल्मली विचारात पडली. माणसं तीच, सायकली त्याच. मग बदललं काय?

“रस्ता!” ती ओरडली. “ती घाबरून वर चढतात!”

“याला तुलना म्हणतात,” आत्या म्हणाली. “बाकी सारं सारखं असताना एक गोष्ट बदलली, तर कारणाचा माग लागतो.”

“मग आजोबांना धक्का देणारा?”

“त्याने जपून जायला हवं होतं. पण त्याला वर ढकललं रस्त्याने.”

त्याच दुपारी शाल्मली पुन्हा नगरसभेत उभी राहिली.  “माझी तक्रार अर्धीच होती,” ती म्हणाली आणि गणूचे आकडे तिने सर्वांसमोर मांडले.

काही आठवड्यांनी पुलावर पिवळ्या खांबांची सायकल-वाट झाली. बसचा वेगही कमी केला गेला. गणूने पुन्हा मोजलं. “आता शंभरातले सात.”

“ते सात का?” म्हणत शाल्मली पदपथावरून सायकल नेणाऱ्या एका काकांकडे धावली. त्यांनी नव्या वाटेतल्या गटाराच्या जाळीकडे बोट दाखवलं. तिच्या फटी चाक आत शिरेल एवढ्या रुंद होत्या.

“आत्या, लवकर ये!” शाल्मलीने हाक मारली. “इथे चाक अडकतंय!”