पुजलेली फोर्कलिफ्ट

लाइट गेली तसे गणपतराव अंगणात सरसावून बसले. लेकाकडं आणि नव्या सुनेकडं बघत म्हणाले, "माझ्या साडूची गोष्ट हाय. चन्नाप्पाची."

"पिऊन असतील," ऋतुराज म्हणाला.

"नवरात्राचा उपास होता त्याचा. ऐक गप."

२००४ची खंडेनवमी. चन्नाप्पा एका फौंड्रीत फोर्कलिफ्ट चालवायचा. दुपारीच तिला हार-कुंकू झालं होतं. पुजलेलं यंत्र दसऱ्याआधी कोण हलवत नाही. पण रात्री ट्रक आला आणि सुपरवायझरचा फोन, "माल भरून दे. देवाला मी सांगतो."

देवाचं काही नव्हतं. चन्नाप्पाला भीती होती ती गोडावनाच्या मागल्या भिंतीची. मागं घेताना वाजणारा हॉर्न कटकट करतो म्हणून कंपनीनंच तोडलेला. मग मागं एक माणूस उभा राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणायचा. उन्हाळ्यात त्याचा जोडीदार सयाजी तसाच म्हणत होता, आणि चन्नाप्पाच्याच गाडीखाली त्या भिंतीशी चिरडला. कागदावर चूक सयाजीची दाखवली. हॉर्न अजून तुटलेलाच होता.

त्या रात्री मदतीला भाचा होता, अमरेश. हळद उतरली नव्हती अजून. बहिणीनं कामाला पाठवताना एवढंच म्हटलं होतं, "अण्णा, ह्याला सांभाळ."

शेवटची पेटी ट्रकात चढली.

"अमरेश, ट्रकाचा मागला फाळका लाव जा."

"लावतो, मामा."

तो ट्रकाकडं गेला. चन्नाप्पानं गाडी मागं घेतली. मागं अंधार.

"येऊ दे..."

आला वाटतं भाचा. त्यानं ब्रेकवरचा पाय सैल सोडला.

"येऊ दे... येऊ दे..."

गाडी सरकत होती.

"येऊ दे, चन्या."

ब्रेक.

त्याला चन्या म्हणणारा एकच होता...

तो उतरला. गाडी आणि भिंत यांच्यात वीतभर जागा. त्यात अमरेश. मागनं कुणी धरल्यागत ताठ. डोळे उघडे.

"हितं कशाला आलास रं?"

"तुमीच हाक मारलीसा की, मामा."

चन्नाप्पानं हाक मारलीच नव्हती.

गणपतराव पुढं वाकले.

"घरी गेल्यावर अमरेशच्या बायकोनं पाठीला तेल लावायला घेतलं," ते हळू म्हणाले. "पाठीवर दोन पंजे. फौंड्रीच्या काळ्या मातीचे. बोटंन् बोट उमटल्यालं."

"भिंतीची माती असंल, आबा."

"आसंल की. पण सदरा पाठीवर कोरा होता. पंजे आत, कातड्यावर."