पळणाऱ्या मुंग्या

"माझ्या मुंग्या चोरल्यात," बाई दारातूनच कडाडल्या.

भाच्याने हातातला कप खाली ठेवला. आत्या खासगी गुप्तहेर, तिच्याकडे नाना तऱ्हेची माणसं येत. पण ज्यांच्या मुंग्या चोरीला गेल्या, असं हे पहिलंच गिऱ्हाईक.

बाई इंजिनियर होत्या. तरुणपणी स्वयंपाकघराच्या भिंतीवरची रांग बघून त्यांनी 'मुंग्या' हा व्हिडिओ गेम रचला. वरून मुंग्या उतरतात, आपण खालून पाण्याचे थेंब मारायचे. मुंग्या कमी होतील तशा उरलेल्या पळत सुटतात. या खेळाने लोकांना अक्षरशः वेड लावलं होतं. आता खेळांच्या संग्रहालयात त्याची पाटी लागली होती आणि तिच्यावर नाव होतं बाईंच्या जुन्या साहेबांचं.

"पुरावा?" आत्याने विचारलं.

"कागद एक नाही. तेव्हाची चिप दमेकरी होती. पडद्यावर गर्दी झाली की धापा टाकायची. तिच्याशी झगडून खेळ उभा केला मी. आणि साहेब म्हणतात, मदतनीस म्हणून तुमचं नाव टाकू. मेले तरी टाकू देणार नाही!"

संग्रहालयात आत्या, भाचा आणि बाई शिरताच साहेब तोंडभर हसले. तेव्हा बाजारात विकल्या गेलेल्या खेळाच्या जुन्या पेटीशेजारी त्यांनी आपली पेटी मांडली होती.

"ही पहिली. बाई नोकरीला लागायच्या आधी मी घरी बनवलेली. चिप तीच. आत कुणी हात लावलेला नाही."

"मुंग्या पळतात, ते कसं सुचलं?" आत्याने विचारलं.

"खेळणाऱ्याला घाम फुटावा म्हणून! मुंगी मेली की वेग वाढव, असा हुकूमच लिहिला मी."

तेवढ्यात भाचा दोन्ही पेट्यांवर खेळून आला, तोंड पाडून.

"जुन्या पेटीवर थेंबांचा मारा केला की मुंग्या रेंगाळतात, आत्या. जिंकलो मी. साहेबांच्या पेटीवर तीच युक्ती केली, तर मुंग्यांनी मला फस्त केलं."

"शाब्बास रे भोपळ्या!"

शाबासकी कशाची, हे काही भोपळ्याच्या डोक्यात शिरलं नाही.

आत्याने संग्रहालयाच्या संचालिकेला बोलावलं.

"मूळ चिप गर्दीने दमते," आत्या म्हणाली. "मुंग्या मेल्या की गर्दी घटते, म्हणून उरलेल्या पळतात. थेंब वाढले की गर्दी वाढते, म्हणून त्या रेंगाळतात. वेगाचा हुकूम मूळ खेळात नाहीच! साहेब, तुमच्या पेटीत कितीही थेंब मारा, मुंग्या जराही रेंगाळत नाहीत. म्हणजे आत नवी चिप आहे. पळणाऱ्या मुंग्यांची तुम्ही नक्कल केलीत, पण त्या का पळतात, हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं. खेळ रचणाऱ्याला एवढं ठाऊक नसेल?"

संचालिकेने पेटी उघडायला सांगितली. साहेब खिसे चाचपत किल्ली शोधू लागले, ते शोधतच राहिले.

"वाद कशाला?" शेवटी ते पुटपुटले. "मिळून घालू. दोघांचीही नावं."

"माझं नाव खाल्लंत, तेव्हा मिळून खाल्लं होतं का?" बाईंनी विचारलं.

साहेबांच्या नावाची पाटी बाईंनी स्वतःच्या हाताने उतरवली. नवी येईपर्यंत तिथे कोरी भिंतच राहील, असं संचालिकेला बजावलं.